मलावीच्या खेड्यात तीन महिने: जायचं तर कोणाच्या हाताखाली?

विचारणाऱ्याचं वय २६, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग, राहणार पुणे. एक नोकरी सोडून दुसरी धरण्याआधी तीन महिने मोकळे आहेत. ते आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात पाण्याच्या नाहीतर शाळेच्या कामात घालवायची इच्छा आहे. एका एजन्सीने विमानभाडं सोडून पावणेदोन लाख रुपये मागितले आहेत. जावं का, गेलो तर तिथे नेमकं काय करू, आणि शाकाहारी माणसाचं भागतं का, असे तीन प्रश्न आहेत.

मी मलावीत, बहुतेक काळ देद्झा जिल्ह्यात, हातपंपांच्या कामात आठ वर्षं काढली. पहिली दोन स्वयंसेवक म्हणून, पुढची पगारावर. त्यामुळे जे सांगतो ते मलावीचं. खंडात पन्नासच्या वर देश आहेत. नायजरचं किंवा केनियाचं मला विचारू नका.

शाकाहाराचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकून टाकू. तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सोबत काहीतरी कालवण. भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी टोमॅटो घालून शिजवतात आणि तिच्यात शेंगदाण्याचं कूट घालतात. पहिल्यांदा ते ताटात आलं तेव्हा मला आईची आठवण आली. घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ असते, हंगामात रताळी असतात, कणसं असतात. फक्त 'उसिपा' नावाची बोटाएवढी वाळवलेली मासळी कधी भाजीत, कधी शेजारी येते, तेवढं आधी सांगून ठेवा. मांस खात नाही याचं त्यांना नवल वाटतं, राग येत नाही. जेवणाआधी यजमान तुमच्या हातावर तांब्याने पाणी घालतील. हात पुढे करून मुकाट धुवायचे, 'मीच घेतो' म्हणायचं नाही.

आता मुख्य प्रश्न. जावं का? तीन महिन्यांत आपण गावाला काही बांधून देऊ, ही कल्पना पुण्यातच ठेवणार असाल तर जावं.

माझी सगळ्यांत मोठी चूक सांगतो, कारण तुम्ही मेकॅनिकलचे आहात आणि ती तुमच्या हातून पहिल्याच आठवड्यात होण्याची दाट शक्यता आहे. मी पोचलो तेव्हा शेजारच्या गावातला हापसा चार महिने बंद होता. बाया दाम्बोत, म्हणजे पाणथळ सखल जागेत, खणलेल्या खड्ड्यातून वाटीने पाणी भरत होत्या. मी पाना घेतला, पंप उघडला. आतलं रबरी सील झिजून गेलं होतं. माझ्या पिशवीत नवं होतं. दोन तासांत पाणी आलं, बायांनी जिभा हलवून ललकारी दिली, पोरं नाचली, मी त्या रात्री घरी लांबलचक पत्र लिहिलं.

जे मला माहीत नव्हतं ते असं. त्या वीस-पंचवीस गावांत एक मेकॅनिक होता. जिल्ह्याच्या पाणी कार्यालयाने त्याला प्रशिक्षण दिलेलं, स्वतःची सायकल, स्वतःचा पाना. सरकारी पगार नाही, दुरुस्ती केली की गाव पैसे देणार. या गावाकडे त्याची मागच्या खेपेची मजुरी थकली होती, म्हणून 'आधी जुने द्या' म्हणून तो अडून बसला होता. आणि पाणी समितीने चार महिने दारोदार फिरून थकबाकीचे जवळजवळ पाऊण पैसे जमवलेही होते. अजून दोन आठवड्यांत मामला मिटला असता. मी फुकटात दुरुस्ती केली आणि गोळा केलेले पैसे समितीने घरोघर परत केले. का नाही करणार? पुढच्या महिन्यात आणखी तीन गावांनी मेकॅनिकला सांगितलं, थांब, तो भारतीय येईल. वर्षभरात त्याने सायकल विकली आणि तंबाखूच्या मळ्यावर मजुरीला गेला. माझी दोन वर्षं संपत आली तेव्हा हिशेब केला, तर मी ३१ पंप सुरू केले होते आणि त्या टापूत पाना धरणारा एकही माणूस शिल्लक नव्हता.

तो मला पुढे बाजारात भेटला. रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार केला, माझ्या घरच्यांची विचारपूस केली आणि निघून गेला. एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून कुठल्याही एजन्सीला किंवा संस्थेला माझा पहिला प्रश्न हाच असतो: मी कोणाच्या हाताखाली काम करणार? त्या माणसाचं नाव काय, तो कुठल्या गावचा, आणि मी नसताना हेच काम तो करतो का? 'आमचे समन्वयक तुम्हाला घ्यायला विमानतळावर येतील' हे याचं उत्तर होत नाही. तुमच्या बाबतीत योग्य उत्तर म्हणजे एखादा स्थानिक पंप मेकॅनिक, जिल्हा पाणी कार्यालयाचा वॉटर मॉनिटरिंग असिस्टंट, किंवा शाळेचं काम असेल तर तिथला मुख्याध्यापक. तुम्ही त्याचे बिनपगारी मदतनीस. तो सायकलवर पुढे, तुम्ही मागे.

तुम्ही मेकॅनिकलचे आणि आपल्याकडचे, म्हणून पंपाविषयी थोडं सविस्तर लिहितो. यात आपल्या मातीचा धागा आहे आणि तो तिथे फार थोड्यांना माहीत असतो. कठीण खडकात बोअर मारायची यंत्रं आपल्याकडे आली तेव्हा त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले होते. शेकडो माणसं दिवसभर हापसू लागली की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. त्यावर तोडगा काढायची खटपट जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत झाली. पोलादी, एका खिळीवर फिरणारा, साखळीने दांडा ओढणारा पंप तयार झाला. १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्या सोलापूर पंपावरून 'इंडिया मार्क टू' आला आणि पुढे जगभर गेला. आपण ज्याला नुसतं हापसा म्हणतो तो हाच. मार्क टू दणकट खरा, पण खालचा वायसर बदलायचा तर लोखंडी पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागते. त्याला तिकाटणं, क्लॅम्प आणि चार-पाच दांडगी माणसं लागतात. पंचायत समितीची दुरुस्तीची गाडी गावात आली की पोरांची गर्दी का व्हायची, ते आठवत असेल तर समजेल.

मलावीत बहुतेक ठिकाणी दिसतो तो 'आफ्रिदेव'. १९८० च्या दशकात मलावीत 'माल्देव' नावाचा पंप करून पाहिला गेला, त्यावरून केनियात आफ्रिदेव घडला. त्यामागचा विचार असा की गाडी येणारच नाही, असं धरून चालायचं. त्याचा उभा पाइप प्लॅस्टिकचा, आणि आतला दट्ट्या पाइप न काढता वर येतो. सळ्या एकमेकींत आकड्याने अडकवलेल्या. एक वर ओढायची, आकडा सोडायचा, भिंतीला टेकवायची, पुढची ओढायची. तळाची झडपसुद्धा सळीच्या टोकाने गळ टाकून मासा धरावा तशी वर काढता येते. सगळ्याला एकच पाना. पस्तीस-चाळीस मीटरपर्यंतचा पंप दोन बाया आणि एक पोरगा अर्ध्या दिवसात उघडून बंद करतात, मी पाहिलंय. सील, बुश, रबरी गोट्या हे झिजणारे भाग वर्षाला बदलले की झालं. आणि यातले बरेच पंप भारतातल्या कारखान्यांत तयार होतात. मलावीतल्या एका गावात पंपाच्या डोक्यावर 'मेड इन इंडिया' वाचून मी छाती फुगवली, तेव्हा समितीची खजिनदारीण म्हणाली, 'मग सील इतकं लवकर का झिजतं?' वाळू येते म्हणून, असं उत्तर मी दिलं. ते खरंही होतं.

तर सांगायचा मुद्दा, यंत्र सोपं आहे. ते बंद पडतं तेव्हा कारण बहुधा यंत्राबाहेर सापडतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पाना पिशवीतच ठेवा आणि पैसा कुठे असतो, निर्णय कुठे होतो, एवढंच बघा.

निर्णयाचं आधी. कागदावर दहा जणांची पाणी समिती असते, तीत बायका जास्त असाव्यात असा दंडक आहे. समितीवर ग्रामविकास समिती, तिच्यावर मोठ्या भागाची समिती, आणि या सगळ्यांच्या जोडीला पारंपरिक प्रमुख: गावाचा म्फूमू, अनेक गावांचा एक, आणि त्यांच्याही वरचा, ज्याला सगळे नुसतं 'टीए' (ट्रॅडिशनल ऑथॉरिटी) म्हणतात. पण देद्झा भागातले चेवा लोक मातृवंशी आहेत, आणि हे कागदावर नसतं. जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर गावातले निम्मे पुरुष घरजावई. घरजावयाला तिथे 'म्कामविनी' म्हणतात आणि त्याचा आवाज आपल्याकडच्या घरजावयाइतकाच असतो. घरातला शेवटचा शब्द 'मालुमे'चा, म्हणजे मामाचा.

मी एकदा तडफदार, इंग्रजी बोलणाऱ्या एका तरुणाला अध्यक्ष करण्याचा आग्रह धरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभर त्याच्या एकाही निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही. तो तीन गावांपलीकडून आलेला जावई होता, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत कोणी विरोध केला नाही म्हणजे होकार मिळाला असं तिथे समजू नका. खरी बैठक संध्याकाळी ओसरीवर होते आणि तिला तुम्ही नसता.

आता पैसा. गावकरी वर्गणी देत नाहीत, असं ऐकाल. देतात, पण वर्षातून ठरावीक काळातच देऊ शकतात. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मका एप्रिल-मेमध्ये निघतो. मे ते ऑगस्ट घरात दाणा आणि हातात रोकड असते. डिसेंबरपासून कणग्या रिकाम्या व्हायला लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारी हे उपासाचे महिने. तेव्हा माणसं दुसऱ्याच्या शेतात 'गान्यू'ला, म्हणजे रोजंदारीला जातात आणि स्वतःच्या शेतातलं तण मागे राहतं. त्या दिवसांत 'सामुदायिक श्रमदान' ठेवणारी संस्था मी पाहिली आहे. माणसं आली, कारण दुपारी जेवण होतं. म्हणून तुमचे तीन महिने जून ते ऑगस्ट असतील तर उत्तम. देद्झा उंचावर आहे, तेव्हा स्वेटर घ्या. आफ्रिकेत थंडी वाजते यावर घरचे विश्वास ठेवणार नाहीत.

जमवलेला पैसा ठेवायचा कुठे, हा दुसरा घोळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत डॉलरचा भाव तिथल्या चलनात १,१८० क्वाचांवरून १,७०० झाला. त्याच्या आदल्या वर्षीही अवमूल्यन झालं होतं. डब्यात नोटा साठवणाऱ्या समितीचा पैसा असा बसल्या जागी आटतो. शहाण्या समित्या मग काय करतात? एक, सुगी झाल्याबरोबर वर्षाचे सुटे भाग विकत घेऊन खजिनदारणीच्या पेटीत ठेवतात. दोन, शेळ्या घेतात. मी ज्या गावात शेवटची तीन वर्षं होतो तिथे पंपाच्या मालकीच्या सहा शेळ्या होत्या. मोठी दुरुस्ती आली की एक विकायची. हा हिशेब लेखापरीक्षकाला समजावताना माझी दमछाक झाली, पण पंप चालू होता. तिसरा मार्ग बचत गटाचा. आपल्याकडच्यासारखेच तिथे बायकांचे गट आहेत, त्यांना 'ओसरीवरची बँक' अशा अर्थाचं नाव आहे. पंपाचा पैसा त्या गटात फिरवला तर व्याजही येतं आणि त्यावर दहा जणींची नजरही राहते.

मग तीन महिन्यांत तुम्ही काय करायचं? तुमच्या हातात बसणारी दोन कामं मला दिसतात. पहिलं, मेकॅनिकबरोबर फिरून त्याच्या टापूतल्या प्रत्येक हापशाची नोंद. बोअर कधी मारली, खोली किती, पाणी किती खाली, शेवटची दुरुस्ती कोणती, समितीकडे काय शिल्लक, उन्हाळ्यात पाणी टिकतं का. मलावीत एका हातपंपामागे २५० माणसं असा मापदंड धरतात. प्रत्यक्षात किती येतात ते सकाळी पाचला जाऊन मोजा. ही वही तुमची नाही, मेकॅनिकची. त्याच्या भाषेत, त्याच्या हातची, आणि तिची एक प्रत बोमात, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, पाणी कार्यालयात. कुठल्या भागाला वर्षाला किती सील लागतात हे त्या वहीतून निघतं.

दुसरं काम त्यातूनच येतं. गावापासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या बाजारपेठेत एक दुकानदार शोधायचा, जो साबण, मीठ, सायकलच्या ट्यूबसोबत आफ्रिदेवचे सुटे भागही ठेवेल. दुकानदाराला परोपकाराची हौस नसते आणि नसावी. वर्षाला अमुक इतके सील नक्की खपतील हे वहीतून दाखवता आलं तर तो ठेवतो. मी हे चार ठिकाणी केलं, दोन ठिकाणी टिकलं. बंद पडलेल्या एका ठिकाणी चूक माझीच होती. मी पहिला माल फुकट भरून दिला, त्याने तो विकला आणि नवा आणलाच नाही. त्याचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले नव्हते.

नवी बोअर मारायच्या भानगडीत पडू नका. तीन महिन्यांच्या स्वयंसेवकाला कोणी त्यासाठी देणग्या गोळा करायला सांगत असेल तर तारीख विचारा. पावसाच्या शेवटी मारलेल्या बोअरला पाणी लागतंच आणि फीत कापायलाही बरं पडतं. खरी परीक्षा ऑक्टोबरात होते, पाण्याची पातळी तळाला गेल्यावर. तोवर देणगीदार, फोटोवाला आणि तुम्ही, सगळे घरी असता.

नव्या कल्पनांचंही तसंच. २००६ च्या सुमारास मुलांच्या फिरत्या चक्रावर चालणाऱ्या 'प्लेपंप'चा केवढा गाजावाजा झाला होता. अमेरिकेतून मोठा निधी आला, दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेले ते पंप मोझांबिक आणि मलावीतही बसवले गेले. काही ठिकाणी तर चालता हापसा काढून. मुलं थकली की आयांनी ते जड चाक हाताने फिरवायचं, आणि बिघडलं तर गावातल्या पान्याने उघडत नाही. याउलट १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी चांबे इथे सुरू झालेली नळयोजना पाहा. पाणी डोंगरावरून उताराने येणारं, त्यामुळे पंपच नाही. सरकारने पाइप आणि तंत्रज्ञ दिले, मैलोन्‌मैल चर गावकऱ्यांनी खणले. कोणत्या गावाने किती खणायचं ते त्यांच्या प्रमुखांनी ठरवलं. चर खणायला पुण्याहून माणूस न्यावा लागत नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

शाळा रंगवणं, भिंत बांधणं हे म्हणूनच मला पटत नाही. तुमच्याहून चांगला गवंडी त्या गावात आहे आणि त्याला रोजगार हवा आहे. अनाथाश्रमात 'मुलांशी खेळायला' तर जाऊच नका. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपायी मूल तिथे येतं, आणि पाहुण्यांचा पैसा येत राहिला की आणखी मुलं आणली जातात. दर महिन्याला नव्या माणसाच्या गळ्यात पडायला शिकलेलं पोर पाहणं फार वाईट असतं.

आता तुम्ही तिथे कोण असाल, याविषयी. गोऱ्यांना 'आझुंगू' म्हणतात हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तुम्ही आझुंगू नाही, तुम्ही 'आम्वेन्ये', म्हणजे भारतीय. या शब्दाला इतिहास आहे. एकेकाळी खेड्यापाड्यांतली दुकानं गुजराती व्यापाऱ्यांची होती. १९७० च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या सरकारने आशियाई दुकानदारांना ग्रामीण बाजारपेठांतून हलवून मोजक्या शहरांतच धंदा करायला लावलं. म्हाताऱ्यांना ते दुकानदार आठवतात: उधार देणारे आणि माप कमी भरणारे, दोन्ही. आजही शहरातल्या भारतीय दुकानात मालक गल्ल्यावर आणि मलावी माणूस पोती उचलताना दिसतो. २०१८ मध्ये ब्लँटायर शहरात गांधीजींचा पुतळा उभारायला विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि काम थांबलं. 'आपण सगळे वसाहतीत भरडलेले, म्हणजे भाऊभाऊ' हे भाषण तुम्ही मनात घेऊन गेलात तर ते तसंच परत आणाल. मला पहिल्या महिन्यात एका आजीने विचारलं, 'तू दुकान कधी उघडणार?' तिचा प्रश्न रास्त होता.

यावर उपाय म्हणाल तर भाषा. चिचेवा अवघड नाही आणि आजपासून सुरू करा. 'मुली ब्वांजी?' म्हणजे कसे आहात. 'न्दिली ब्विनो, काया इनू?' म्हणजे मी बरा, आणि तुम्ही? उत्तर ऐकल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, घाई असली तरी. कोणाच्या अंगणात शिरण्याआधी बाहेरून 'ओडी!' अशी हाक द्यायची आणि 'ओडिनी' ऐकू आलं की आत जायचं. वडीलधाऱ्यांसमोर जरा वाकून, ओंजळ केलेल्या हातांनी हलक्या टाळ्या. गावात पोचल्या दिवशी म्फूमूला भेटल्याशिवाय एक फोटोसुद्धा काढायचा नाही. आणि गावात मयत झालं, 'मालिरो' असेल, तर त्या दिवशी सगळं काम बंद. तुमची बैठक, तुमचं प्रशिक्षण, काहीही असो. तुम्हीही जायचं, पुरुषांत जमिनीवर बसायचं, जमेल ते पैसे द्यायचे. मला लोकांनी आपलं म्हटलं ते ३१ पंपांमुळे नाही, एका मयताला पावसात रात्रभर बसलो त्याच्यामुळे.

प्रशिक्षणाला लोक 'अलावन्सी', म्हणजे भत्ता मागतील. नवे स्वयंसेवक यावर चिडतात, 'यांच्याच भल्यासाठी करतोय ना?' म्हणतात. मोठ्या संस्थांनी वर्षानुवर्षं भत्ते देऊन ही सवय लावली, हे खरं. पण सकाळची रोजंदारी बुडवून दहा किलोमीटर सायकल मारत आलेल्या माणसाला जेवण आणि प्रवासखर्च द्यायलाच हवा. किती, ते जिल्हा कार्यालयात चालू दर विचारून. त्याहून जास्त दिलंत तर तुमच्यामागून येणाऱ्या सरकारी माणसाच्या बैठकीला कोणी जाणार नाही.

पावणेदोन लाखांचं. एजन्सीला लेखी विचारा की यातले किती गावात पोचतात, घरमालकिणीला दर आठवड्याला किती मिळतात, मेकॅनिकला तुम्हाला शिकवण्याचे किती. कोणत्या परवान्यावर तुम्ही तिथे काम करणार, तेही विचारा. 'टुरिस्ट म्हणून या, काही होत नाही' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. गोलगोल उत्तर आलं तरी थांबा. लांब मुदत जमत असेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे. त्यात राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, पण निवड कडक आणि मुदत महिन्यांची नाही, बहुधा वर्षाची. आणि एक आगाऊ सूचना: निघण्याआधी पंधरा दिवस आपल्याच एखाद्या पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर फिरा. परवानगी मिळवायला तीन चकरा होतील. त्याही उपयोगी पडतील.

तब्येतीचं थोडक्यात, बाकी डॉक्टरांना विचारा. मलेरिया तिथे बारा महिने आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते निघण्याआधी ठरवा, मच्छरदाणी वापरा आणि ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. परतल्यावरही काही महिने ताप आला तर डॉक्टरांना मलावीचं नाव सांगा. मुंबईहून अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर इथिओपिया पीतज्वराच्या यादीत आहे; लशीचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना विमानतळावर अडचण होऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मलावी सरोवर पाहून पोहायचा मोह होईल. त्यात गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया नावाचा परजीवी रोग आहे. मी पोहलो, झाला, गोळ्यांनी बरा झालो, पण लघवीची तपासणी करून घ्यायला मला वर्ष लागलं. २०२२-२३ मध्ये तिथे पटकीची मोठी साथ आली, १,७०० हून जास्त माणसं गेली. तेव्हा बंद हापशाचा अर्थ मला कागदावरून शिकावा लागला नाही. पाणी उकळूनच प्या.

सामानात काय न्यावं? फुगे, चॉकलेटं, जुने कपडे नको. चांगला टॉर्च, दोन वह्या, मळली तरी चालेल अशी चप्पल, घरच्यांचे छापील फोटो. आईचा, घराचा, गावच्या हापशाचा असेल तर तोही. फोनवरचे फोटो कोणी नीट पाहत नाही, कागदावरचा फोटो ओसरीभर फिरतो.

निघताना गाव तुम्हाला बहुधा जिवंत कोंबडी देईल. पाय बांधलेली, दोन्ही हातांनी, गुडघे टेकून. मी शाकाहारी आहे, राहू द्या, असं म्हणायचं नाही. दोन्ही हात पुढे करायचे, 'झिकोमो क्वांबिरी', म्हणजे खूप आभार, असं म्हणायचं आणि घ्यायची. माझी मी मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन राजधानी लिलोंग्वेपर्यंत आणली. वाटेत तिने माझ्या पासपोर्टच्या पिशवीवर घाण केली, आणि शेजारच्या बाईने आपल्या चितेन्जेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या, टोकाने ती पुसून दिली.